किटकॅट काढून एमसीबी लावताय? या चुका टाळा

ज्याला बघावं तो सांगतो, "किटकॅट काढले, एमसीबी टाकली, आता टेन्शन नाही." किटकॅट म्हणजे तार घालायचे जुने चिनी मातीचे फ्यूज, एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा स्विच. अरे बाबा, एमसीबी आहे वायरसाठी. मोटरची राखण करतो स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की पडून मोटर बंद करणारा) आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ट्रिप होतंय म्हणून रिलेची चकती, म्हणजे किती अँपिअरला पडायचं ते सेटिंग, वाढवत जाणं. एका फॅब्रिकेशनवाल्याच्या ड्रिलची ३ एचपीची मोटर वर्षात दोनदा जळली आणि हा रिवाइंडिंगवाल्याला शिव्या घालत बसलेला. मोटर उघडली तर दोन फेजच्या कॉइल कोळसा, तिसऱ्या फेजच्या नव्या कोऱ्या, वार्निशसुद्धा चमकतंय. स्टार कनेक्शनच्या (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेल्या) मोटरमध्ये असं दिसलं की आधी सिंगल फेजिंगच धरा, म्हणजे एक फेज गेलेला आणि मोटर उरलेल्या दोनवर चालू. मग किटकॅट उपसले. दोघांत केबलचे तांब्याचे पदर पिळून घातलेले, एकात तेवढी खरी फ्यूज तार, अर्थात उडाली ती खरीच आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर घुं घुं करत तशीच ओढत राहिली. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच, का नाही सुटला? कारण त्याची ४१५ व्होल्टची कॉइल नेमकी शाबूत असलेल्या दोन फेजवर होती. राहिला रिले. मोटरच्या प्लेटवर ५ अँपिअर लिहिलंय, रिले कुठल्यातरी मोठ्या मोटरचा, ६ ते १० वाला, आणि चकती १० ला! पूर्ण लोडवर एक फेज गेला की उरलेल्या दोघांत करंट साधारण पावणेदोन पट होतो, म्हणजे पावणेनऊच्या आसपास, मग तो पडणार कशाला. विचारलं तर म्हणे, "सारखा पडायचा ना साहेब, म्हणून वाढवला."

मी आधी प्लेट पुसून अँपिअर वाचतो, रिले तेवढ्यावरच लावतो आणि मोटर लोडवर असताना क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती पकडून करंट मोजणाऱ्या) तिन्ही फेज बघतो. तरी पडत असेल तर बेअरिंग, बेल्ट, व्होल्टेज तपासा, चकतीला हात लावू नका. स्टार्टरचं बटण दाबलेलं राहावं म्हणून त्यात काडी अडकवणारे महाभाग पण बघितलेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणारा) असेल आणि रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली बसवला असेल तर सेटिंग प्लेटवरच्या आकड्याच्या ०.५८ पट, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

तीन सुट्या सिंगल पोल एमसीबी लावू नका. एक पडली की पुन्हा तेच सिंगल फेजिंग, किटकॅट काढून मिळवलं काय? थ्री पोलच घ्या, ती तिन्ही फेज एकदम तोडते.

घरातली उरलेली बी कर्व्ह एमसीबी मोटरला लावायची, ती स्वतःच्या अँपिअरच्या ३ ते ५ पटीला लगेच पडते, मोटर सुरू होतानाच प्लेटवरच्या अँपिअरच्या ६-७ पट खेचते, मग हे लोक वैतागून थेट ३२ अँपिअरची बसवतात आणि खाली वायर अडीच स्क्वेअरची! ३ एचपीला १० अँपिअरची सी कर्व्ह (सुरुवातीचा झटका बीपेक्षा जास्त सोसणारी) बहुतेक वेळा पुरते, लोड जड असेल तर त्याहून जास्त सोसणारी डी.

आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) शॉकसाठी, ओव्हरलोडशी तिचा संबंध नाही. आणि बॉडीला अर्थिंग दोन वेगवेगळ्या वायरींनी.

काम मेन बंद करून, तिन्ही फेज टेस्टरने बघून, परवानावाल्या वायरमनकडूनच. वायरींच्या टोकांना लग (धातूचं टोपण) दाबून क्रिंप करा, नुसते पदर पिळून स्क्रूखाली दाबू नका, आणि आठवड्याभराने मेन पाडून सगळे स्क्रू परत एकदा आवळा, एखादा तरी ढिला सापडतोच.