जुन्या गाडीचा ब्रेक कॅलिपर नेमका कुठे धरतो?

चोर्ला घाट उतरून आल्यावर चाके तापलेली असतील, तर त्यात नवल नाही. परंतु सपाट रस्त्यावर फारसा ब्रेक न लावता चालवूनही पुढचे एकच चाक गरम होत असेल, तर तिथला कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) धरतो, म्हणजे जाम होऊन ब्रेक पूर्णपणे सोडत नाही असे समजावे. रिमला हात लावू नये, नुसता जवळ नेला तरी कळते.

गाडी जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड द्यावा, ब्रेक दाबून सोडावा आणि चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असल्यास ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, ऑइल व हवा बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करावा: थोडे ब्रेक ऑइल बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकून राहत आहे आणि दोष बहुधा आतून फुगलेल्या होजचा (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीचा) असतो, चाक जडच राहिले, तर पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) धरलेली असते. निपल पुन्हा आवळून ब्लीडिंग (आत शिरलेली हवा काढणे) अवश्य करावे.

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत पिना लवकर गंजतात, म्हणून पॅड काढल्यावर प्रत्येक पिन बोटांनी सरकते का, हे आधी पाहावे. एकच पॅड तिरका झिजला असेल, तर संशय पिनेवरच घ्यावा. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावावे, कारण बेअरिंगच्या साध्या ग्रीसने रबर फुगते. पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसल्यास मात्र नुसते सील किट (रबरी सीलांचा संच) घालून भागत नाही, पिस्टनही बदलावा लागतो.