उन्हाळी शिबिराआधी प्रशिक्षकांची पडताळणी कशी करावी

साताऱ्यातल्या एका क्रीडा मंडळाची मी कार्यवाह आहे. मल्लखांब, खो-खो आणि एप्रिल-मे मधलं शिबिर, एवढा आमचा पसारा. जानेवारी उलटला की आजूबाजूच्या मंडळांतून फोन सुरू होतात. "मॅडम, नवीन सर घेतोय. पोलीस व्हेरिफिकेशन खरंच लागतं का? आपण काय शाळा थोडीच आहोत!"

लागतं. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याखालचे नवे नियम ९ मार्च २०२० पासून लागू आहेत. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांमध्ये त्यांनी शाळा आणि पाळणाघरांच्या जोडीला क्रीडा अकादमीही नाव घेऊन धरली आहे. माणूस कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की मैदान झाडणारा, त्याची पोलीस पडताळणी आणि पूर्वचौकशी संस्थेने ठराविक काळाने करायची. शिवाय मुलांच्या सुरक्षेबद्दल कर्मचाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षणही द्यायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली तेव्हा शाळांमधल्या पडताळणीवर महाराष्ट्रभर बोललं गेलं. मैदानांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. आणि मुलं तर संध्याकाळचे दोन-दोन तास आपल्या ताब्यात असतात, स्पर्धेला गेली की रात्रीही.

सुरुवात यादीपासून करा. प्रशिक्षक पहिले, पण त्यांच्यावर थांबू नका. व्हॅनचा ड्रायव्हर, वॉचमन, शिबिरात स्वयंपाक करणारे, मालिश करणारे, संघाबरोबर मुक्कामाला जाणारे व्यवस्थापक, सगळ्यांची नावं लिहा. नियम कर्मचाऱ्यांबद्दल बोलतो. पण आपल्या मंडळांत निम्मी माणसं मानधन न घेता प्रेमाने येतात, तेव्हा शब्दावर बोट ठेवून त्यांना वगळू नका. आपल्याकडेच खेळून मोठी झालेली, आता लहानांना शिकवायला येणारी वीस-बावीस वर्षांची मुलं-मुलीही यादीत हवीत. तालमीत मुलं राहत असतील तर वस्तादांपासून सगळ्यांची नावं आधी.

अडचण नेमकी इथेच येते. "अहो, ते आपलेच आहेत, त्यांना कागद कसा मागायचा?" माझ्या मते ज्यांना मागायला संकोच वाटतो त्यांच्याकडेच आधी मागावा. मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा, घरच्यांच्या विश्वासातला असतो. आमच्याकडे पहिला अर्ज अध्यक्षांचा जातो, दुसरा माझा. मग बाकीचे वाद घालत नाहीत.

पोलिसांकडच्या कागदाचं नाव चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्र पोलिसांच्या पोलीस क्लिअरन्स सर्व्हिसेस या ऑनलाइन सेवेवर अर्ज करायचा. अर्ज त्या व्यक्तीने स्वतःच्या नावाने करायचा असतो. मंडळाने लेटरहेडवर पत्र द्यायचं, त्यात कामाचं स्वरूप आणि "लहान मुलांशी थेट संपर्क" हे शब्द घाला. सोबत फोटो, ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा. नंतर पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं, तेव्हा मूळ कागद घेऊन जायचं. पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) वेगळं, ते परदेशी जाणाऱ्यांसाठी. काही जण तेच काढायला धावतात.

पत्त्यांकडे नीट बघा. मागच्या काही वर्षांत माणूस कुठे कुठे राहिला ते त्याच्याकडून लिहून घ्या, कारण पडताळणी त्या त्या हद्दीतून होते. "पुण्याला होतो" एवढं पुरत नाही. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन वेगळी पोलीस दलं तिथे आहेत. सहा महिन्यांपूर्वी साताऱ्यात आलेल्या माणसाचं फक्त साताऱ्याचं प्रमाणपत्र मला अपुरं वाटतं.

हे सगळं फेब्रुवारीतच सुरू करा. गणपतीत किंवा निवडणुकीत अंमलदार बंदोबस्तावर असतात, तेव्हा अर्ज पुढे सरकत नाही. आणि कागद हातात आल्याशिवाय त्या माणसाकडे मुलं सोपवायची नाहीत. फारच गरज असेल तर पडताळणी झालेल्या प्रशिक्षकाबरोबर उभं राहू द्या, एकट्याला नको.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ पासून आहे, पण ती पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे, तुम्हाला-मला इंटरनेटवर उघडता येत नाही. म्हणून अर्जाला पर्याय नाही.

प्रमाणपत्रात गुन्ह्याची नोंद निघाली तर? आपल्या भागात ऊसदराच्या किंवा दुधाच्या आंदोलनात, रास्ता रोकोत नाव आलेली चांगली माणसं पुष्कळ आहेत. तेवढ्यावरून कुणाला नाकारू नका. माणसाला बसवून विचारा, कागद बघा, कार्यकारिणीत निर्णय लिहून ठेवा. पण मुलांविरुद्धचा, लैंगिक किंवा मारहाणीचा गुन्हा असेल आणि निकाल लागायचा असेल, तर निकाल लागेपर्यंत मैदानावर नको. इथे भीड ठेवू नका.

प्रमाणपत्र कोरं असलं म्हणजे एवढंच, की पोलिसांच्या दप्तरी काही आलेलं नाही. मुलांच्या तक्रारी पोलिसांपर्यंत पोचतातच असं नाही. कितीतरी ठिकाणी सरांना गुपचूप "दुसरीकडे बघा" म्हणतात, आणि ते सर दुसरीकडे म्हणजे तुमच्याकडे येतात. म्हणून सगळ्यांत जास्त वेळ मी फोनवर घालवते.

आधीच्या किमान दोन ठिकाणी फोन करा. अर्जात दिलेल्या नंबरवर नको. मंडळाचा किंवा शाळेचा नंबर स्वतः शोधा. खेळाबद्दल दोन मिनिटं बोला आणि मग सरळ विचारा: मुलांबद्दल किंवा पालकांकडून कधी तक्रार आली होती का? ते का गेले? परत आले तर घ्याल का? एकदा मी असाच फोन केला होता. पलीकडचे गृहस्थ "शिकवतात उत्तम हो" हे पुन्हा पुन्हा सांगत होते. परत घ्याल का, या प्रश्नावर थांबले आणि म्हणाले, "आता आमच्याकडे जागाच नाही." मी तिथल्याच एका पालक ताईंना गाठलं. त्यांनी सांगितलं की सर मुलींना रात्री उशिरा मेसेज करायचे, म्हणून पालकांनी बैठक घेतली होती. पोलिसांत कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं प्रमाणपत्र स्वच्छच आलं असतं. आम्ही त्यांना घेतलं नाही.

शिक्षणाचे कागदही तपासा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा वेगळा आणि तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग वेगळा. "एनआयएस केलंय" असं दोन्हीला म्हणतात. मूळ कागद मागा, झेरॉक्सवर भागवू नका. सोबत स्वयंघोषणापत्र घ्या: माझ्यावर गुन्हा दाखल नाही, कोणत्याही संस्थेने मुलांसंबंधी तक्रारीवरून मला काढलेलं नाही, पूर्वीच्या संस्थांकडे चौकशी करायला माझी संमती आहे. सही करताना टाळाटाळ झाली तर विचारपूस वाढवा.

मग एक तास शिकवायला लावा आणि कडेला बसा. मल्लखांबात आधार द्यावाच लागतो. नवं पोर पहिल्यांदा साधी अढी, म्हणजे खांबाला पायांची पकड, घालतं तेव्हा प्रशिक्षकाचा हात पाठीशी नसेल तर ते सरळ खाली येईल. बघायचं ते हे, की हात लावण्याआधी सर सांगतात का: "कमरेला धरतोय हं, आता पाय टाक." मूल स्थिर झालं की हात लगेच निघतो का? "नको" म्हणालं तर थांबतात का? चांगल्या प्रशिक्षकाला हे शिकवावं लागत नाही. चुकलेल्या मुलाला सगळ्यांसमोर शरीरावरून बोलणारा माणूसही याच तासात कळतो.

रुजू होताना आमचे नियम लेखी देतो. मुलाला एकट्याला मेसेज नाही, पालक असलेल्या ग्रुपवरच. बंद खोलीत एकट्याने सराव नाही. मुक्कामात मोठ्यांची खोली वेगळी. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक बरोबर; भारतीय क्रीडा प्राधिकरणानेही जून २०२२ मध्ये राष्ट्रीय संघांसाठी हेच बंधन घातलं. पडताळणी आम्ही दरवर्षी करतो. कागद कुलुपात असतात, पालकांना फक्त कोणाची पडताळणी कधी झाली ते सांगतो. कुणाचं आधार कार्ड ग्रुपवर टाकू नका.

आणि तक्रार आलीच तर आधी मंडळाची चौकशी समिती बसवून वेळ काढू नका. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. "मुलीचं नाव खराब होईल" म्हणून मिटवायला सांगणारे भेटतील. त्यांना सांगा की मुलाची किंवा मुलीची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८, पोलीस ११२. हे दोन्ही नंबर मैदानाच्या फाटकावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला रंगवून घ्या.