बीएस्सी फिजिक्स-केमिस्ट्रीला ॲडमिशन घेतलंय? मग स्कॉलरशिपचं काम पहिल्याच महिन्यात हातात घ्या

बारावीला चांगले मार्क असून बीएस्सी घेतली की घरच्यांना आधीच धाकधूक असते, त्यात पैशाची ओढाताण असेल तर अजूनच. पण बेसिक सायन्स शिकणाऱ्यांसाठी पैसा आहे, मदत आहे, आणि दरवर्षी कितीतरी हुशार पोरं-पोरी एखाद्या कागदापायी मागं राहतात, ते बघून जीव तुटतो म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी इन्स्पायर बघा. केंद्र सरकारच्या डीएसटीची (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची) स्कॉलरशिप आहे, वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार म्हणजे महिन्याला ५ हजार तुमच्या खर्चाला आणि उरलेले २० हजार उन्हाळ्यातल्या रिसर्च प्रोजेक्टसाठी. बारावीला आपल्या बोर्डात टॉप १ टक्क्यात असाल आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, जिऑलॉजी असा बेसिक सायन्सचा विषय घेतला असेल तर अर्ज करता येतो, जेईई ॲडव्हान्स्ड किंवा नीटला पहिल्या १० हजारात येऊन इकडे वळलात तरी चालतं. इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांसाठी ही नाही. कट-ऑफ बोर्डाप्रमाणे वेगळा असतो आणि दरवर्षी बदलतो, त्यामुळे "आपल्याला कुठे मिळणार" असं मनाशीच ठरवून मोकळं होऊ नका, आधी आपल्या बोर्डाचा, आपल्या वर्षाचा आकडा बघा.

यात पोरं अडकतात ती एंडोर्समेंट सर्टिफिकेटवर, म्हणजे तुम्ही इथे हा कोर्स शिकताय असा कॉलेजचा दाखला. त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो, आणि लहान कॉलेजमध्ये ऑफिसनं हा फॉर्म आधी कधी पाहिलेलाच नसतो. म्हणून कोरा फॉर्म घेऊन जाऊच नका. प्रिंट काढा, सगळं भरा, दहावी-बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स आणि ॲडमिशनची पावती जोडा, आधी आपल्या डिपार्टमेंटच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा आणि मग त्यांना सोबत घेऊनच ऑफिसला जा, काम निम्म्या वेळात होतं.

इन्स्पायरमध्ये बसत नसाल तर एनएसपी (नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल) वर केंद्राची दुसरी स्कीम आहे, बोर्डात टॉप २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल तर. पदवीच्या ३ वर्षांत दरवर्षी १२ हजार मिळतात आणि निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. राज्याच्या योजना महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर, तिथे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ८ लाखांची उत्पन्न मर्यादा आहे. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि ॲडमिशनच्या दिवसांत सेतूवर ही गर्दी असते, तेव्हा तो आधीच काढून ठेवा. एक लक्षात ठेवा, एका वेळी दोन सरकारी स्कॉलरशिप घेतल्या तर पुढे त्रास होतो, एनएसपीच्या त्या स्कीमला तर दुसरी चालतच नाही, म्हणून कुठली घ्यायची ते नीट हिशोब करून ठरवा.

आणि बँकेचं खातं! माझ्या एका ज्युनिअरची स्कॉलरशिप मंजूर झाली, पोर्टलवर पैसे जमा दिसतायत, खात्यात काहीच नाही. दोन महिने ती हेलपाटे घालत होती, शेवटी कळलं की तिचं आधार शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्याला लिंक होतं आणि पैसे तिकडे जाऊन पडले होते. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा आधारला जोडलेल्या खात्यातच जातो, फॉर्मवर तुम्ही कुठलाही नंबर लिहा. बँकेत जाऊन आधार सीडिंग (लिंक) कुठल्या खात्याला आहे ते विचारा, आणि आधारवरचं नाव मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतंय का तेही बघा.

पैशाइतकीच मोलाची दुसरी मदत म्हणजे रिसर्चची ओळख. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) कार्यक्रम २००४ पासून खास बीएस्सीवाल्यांसाठी चालतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षातच अर्ज करा, तिसऱ्या वर्षापर्यंत थांबलात तर वेळ गेलेली असते. बंगळुरूची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस आणि बाकी दोन विज्ञान ॲकॅडमी मिळून समर फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम, त्याचे पैसेही मिळतात. उन्हाळ्याची म्हणून मार्चमध्ये शोधायला लागू नका, अर्ज आदल्या वर्षीच निघतात. पुण्याच्या एनसीआरए (नॅशनल सेंटर फॉर रेडिओ ॲस्ट्रोफिजिक्स) या संस्थेचं रेडिओ ॲस्ट्रॉनॉमी विंटर स्कूल फिजिक्सवाल्यांनी जरूर बघावं.

शिफारसपत्र मागायला शेवटच्या दिवशी जाऊ नका, सरांना किमान दोन आठवडे द्या, सोबत मार्कशीट आणि तुम्ही केलेल्या प्रोजेक्टबद्दल चार ओळी लिहून द्या. प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांना थेट मेल टाकणार असाल तर "रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन युअर रिसर्च" हा पन्नास जणांना पाठवलेला मेल लगेच ओळखू येतो. त्यांचा एक पेपर उघडा, सगळा नाही कळला तरी एक आकृती समजून घ्या आणि त्यावर एक प्रश्न विचारा, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत येऊ शकता ते लिहा, बस्स. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, तोवर अजून दोघा-तिघांना लिहा.