लॅपटॉप चार्ज होत नसेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी काय तपासावे

पिन लावलेली असते, पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे चित्रही दिसते, पण आकडा ३७ वरून पुढे सरकत नाही. किंवा वीज गेली की लॅपटॉप त्याच क्षणी बंद पडतो. घाटंजी तालुक्यातील माझ्या ऑनलाइन सेवा केंद्रात अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण सोबत निदानही घेऊनच येतात: ‘बॅटरी गेली.’ मुलाने सांगितलेले, शेजाऱ्याने सांगितलेले किंवा बॅटरी विकणाऱ्यानेच सांगितलेले हे निदान बरेचदा चुकीचे निघते. वीज भिंतीतल्या सॉकेटमधून अडॅप्टरमध्ये, तिथून वायरमध्ये, मग पिनेत, लॅपटॉपच्या जॅकमध्ये आणि सर्वांत शेवटी बॅटरीत जाते. तपासणीही याच क्रमाने करावी, उलट्या क्रमाने करू नये.

सॉकेट सैल नाही ना, हे दुसऱ्या सॉकेटमध्ये अडॅप्टर लावून पाहावे. व्होल्टेजबद्दल मात्र थोडे सांगणे भाग आहे, कारण ‘आमच्याकडे व्होल्टेज कमी असते म्हणून बॅटरी खराब झाली’ हे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकतो. अडॅप्टरवरचे बारीक अक्षर वाचले, तर तिथे इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले सापडते. हरभऱ्याच्या ओलितासाठी सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले आणि घरातला पंखा रेंगाळू लागला, तरी १७० व्होल्टवर अडॅप्टर आपले काम करतो. त्यासाठी स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही. खरा धोका उलट बाजूचा आहे. थ्री-फेज लाइनची न्यूट्रल तार सुटली, तर एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्टेज चढू शकते. बल्ब एकाएकी डोळ्यांवर येईल इतका प्रखर झाला, तर विचार करत न बसता मेन स्विच बंद करावा. मृगाच्या आधीच्या गडगडाटात केवळ बटण बंद करून भागत नाही. अडॅप्टर सॉकेटमधून काढूनच ठेवावा.

त्यानंतर लॅपटॉप पूर्ण बंद करून, अडॅप्टर काढून आणि बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढून पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरावे आणि पुन्हा सगळे जोडावे. काही वेळा एवढ्यानेच काम होते.

आता अवघड भाग. माझे पैसे आणि दोन दिवस याच टप्प्यावर गेले आहेत, म्हणून येथे घाई करू नये.

जुलैचा शेवट होता, पीक विम्याचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती, केंद्राबाहेर रांग होती आणि माझा लॅपटॉप चार्ज होणे बंद झाले. मी मल्टिमीटर अडॅप्टरच्या पिनेला लावला. त्याने १९.५ व्होल्ट दाखवले. अडॅप्टर ठीक आहे असे मानून मी एसटीने नागपूर गाठले, बर्डीवरून नवी बॅटरी आणली, बसवली, आणि आकडा होता तिथेच राहिला. शेवटी चिडून पिनेच्या मागचे रबर ब्लेडने उभे चिरले, तेव्हा आतल्या तांब्याच्या जाळीपैकी केसासारख्या तीन-चार ताराच कशाबशा एकमेकींना टेकून होत्या. बाकीच्या तुटून काळ्या पडल्या होत्या.

मीटर खोटे बोलला नव्हता. मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याला तीन तारा पुरतात. लॅपटॉप तीन अँपिअरच्या आसपास ओढू लागला की त्याच तारांवर व्होल्टेज कोसळते. ठिबकच्या नळीत कचरा अडकलेला असला, तरी टोकाला बूच असेपर्यंत दाब पूर्ण दिसतो. बूच काढले की धार बारीक पडते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून नुसत्या अडॅप्टरला मीटर लावून ‘अडॅप्टर चांगला आहे’ असे सांगणाऱ्या मेकॅनिककडे मी आता कोणाला पाठवत नाही.

तपासणी लॅपटॉप चालू असतानाच करावी. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यावी, म्हणजे ती करंट ओढेल. पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवावा आणि एखादा व्हिडिओ सुरू करावा. मग एका हाताच्या दोन बोटांनी पिनेचा प्लॅस्टिकचा भाग जॅकमध्ये घट्ट धरून ठेवावा आणि दुसऱ्या हाताने पिनेच्या लगेच मागची वायर हळूच वर, खाली आणि दोन्ही बाजूंना वाकवावी. चार्जिंगचा दिवा लुकलुकला किंवा पडद्याचा प्रकाश एकदम कमी-जास्त झाला, तर दोष वायरीत आहे. तसे काही झाले नाही, तर वायर सैल सोडावी आणि फक्त पीन जॅकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी वर-खाली हलवावी. आता दिवा लुकलुकला, तर जॅक सैल झालेला आहे. हात दोन आहेत आणि दोघांना दोन वेगळी कामे द्यायची आहेत, एवढेच लक्षात ठेवावे. वायर आणि पीन एकाच वेळी हलवली, तर काहीच कळत नाही, आणि बहुतेक लोक नेमके तेच करतात.

अडॅप्टरवरचा दिवा एरवी लागतो, पण पीन लॅपटॉपला लावताच विझतो, अशी स्थिती असेल, तर एक तर अडॅप्टर अशक्त आहे किंवा लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे. याचा निवाडा फक्त दुसऱ्या अडॅप्टरने होतो. तो शेजाऱ्याकडून मागून आणावा, पण त्याचे व्होल्ट आपल्या अडॅप्टरइतकेच आणि अँपिअर तितकेच किंवा जास्त असावेत. अँपिअर जास्त असल्याने काही जळत नाही. लॅपटॉप हवे तेवढेच ओढतो. कमी अँपिअरवर मात्र तो धापा टाकत चालतो आणि बॅटरी भरत नाही.

आणखी एक फसवा प्रकार आहे. लॅपटॉप अडॅप्टरवर व्यवस्थित चालतो, बॅटरी मात्र भरत नाही, आणि सुरू करताना अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असा संदेश दिसतो. काही कंपन्यांच्या पिनेच्या मध्यभागी सुईसारखी बारीक काडी असते. तिच्यातून अडॅप्टर आपली ओळख लॅपटॉपला सांगतो. तिची तार सर्वांत बारीक असल्याने बरेचदा तीच आधी तुटते. येथेही बॅटरी निर्दोष असते.

वायर तुटलेली निघाली, तर तारा पिळून वर टेप गुंडाळू नये. तो सांधा तापतो, आणि आपल्याकडे दिवाळीनंतर त्याच खोलीत कापसाचा ढीग असतो. चांगला मेकॅनिक पिनेसकट नवी वायर डाख देऊन लावून देतो. अडॅप्टरचा डबा मात्र स्वतः फोडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये सॉकेटमधून काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वरचा दाब काही काळ टिकून राहू शकतो.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच बॅटरीकडे वळावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टंकित करण्याची खिडकी) उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ (पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी), मग एक जागा सोडून प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरपी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे टंकित करून एंटर दाबावे. जी फाइल तयार होते, तिचा पत्ता तिथेच दिसतो. तिच्यात डिझाइन कपॅसिटी (नव्या बॅटरीत किती वीज मावायची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज किती मावते) हे दोनच आकडे पाहावेत. माझ्या केंद्रातील जुन्या लॅपटॉपचे ते आज ४१,००० आणि २२,००० आहेत, म्हणजे बॅटरी निम्म्याहून जराशी जास्त उरली आहे, आणि इन्व्हर्टर असल्यामुळे मी ती बदललेली नाही. पडद्यावरचा चार्जचा आकडा ४० टक्क्यांवरून थेट ५ वर उडी मारत असेल, तर मात्र बदलावी.

देखभालीबद्दल जी सूचना सर्वांत जास्त ऐकू येते, तीच सर्वांत निरुपयोगी आहे: बॅटरी शून्यावर आणून मग पूर्ण भरावी. ही निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली सवय आहे. लिथियम-आयन बॅटरी शून्यावर उतरल्याने आणि १०० वर अडकून राहिल्याने लवकर थकते. दिवसभर अडॅप्टरवरच काम असेल, तर कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का ते पाहावे आणि असल्यास लगेच लावावी. शाळेच्या सुट्टीत लॅपटॉप कपाटात ठेवायचा असेल, तर निम्मा भरून ठेवावा.

विदर्भात बॅटरीचा मोठा शत्रू ऊन आहे. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली पारा ४५ ला टेकतो, आणि लिथियमचा सेल साधारण त्याच तापमानाच्या वर भरणे त्याला घातक ठरते. म्हणून लॅपटॉप स्वतःच चार्जिंग थांबवतो. दुपारी चार्ज न होणारा लॅपटॉप पहाटे निमूट चार्ज होत असेल, तर त्याला कोणताही आजार नाही. उन्हाळ्यात त्याला पहाटेच भरावे. कूलरच्या ओल्या झोताच्या तोंडावर तो ठेवू नये. लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीत कापसाचे तंतू अडकून गादीसारखा थर बसतो. लॅपटॉप बंद करून मऊ ब्रशने तो काढावा, आणि ब्लोअर वापरायचाच असेल, तर पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, नाही तर ते हवेने भरधाव फिरून खराब होते.

टचपॅड वर उचलला गेला असेल, त्याचे क्लिक होत नसेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी वरची कोणतीही तपासणी न करता अडॅप्टर काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि बॅटरी मेकॅनिककडून काढून घ्यावी. ती दाबून पाहू नये, टोचू नये, भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून नवी घेताना कंपनीच्या सेवा केंद्रात जुनी जमा करावी, आणि ती तिथे पोहोचेपर्यंत कोरड्या वाळूने भरलेल्या घमेल्यात, घराबाहेर सावलीत ठेवावी.