जुनी जपानी गाडी पुण्यात सांभाळायची तर गॅरेज कसं निवडायचं आणि कशाकडे लक्ष द्यायचं

माझ्याकडे 2006 ची होंडा सिटी झेडएक्स आहे, बाबांनी नवी घेतलेली, आता दोन लाख दहा हजार किलोमीटर झालेत आणि अजून रोज कर्वेनगर ते हडपसर जाऊन येते. ज्यांच्याकडे अशीच जुनी सिटी, कोरोला, बलेनो, लान्सर किंवा क्वालिस आहे आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा "आता विका ना ही" म्हणतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या गाड्यांचं इंजिन सहसा आपोआप मरत नाही. ते गरम होऊन जातं, चुकीचं ऑइल पडून जातं, नाहीतर न बघता पार्ट बदलणाऱ्या हातात सापडून जातं. त्यामुळे पार्ट कुठला चांगला यापेक्षा बोनेट कोणासमोर उघडायचं हा प्रश्न पहिला.

आधी माझा अनुभव सांगतो. गाडीचा पिकअप गेला होता, चढावर तिसऱ्या गिअरला धक्के मारायची. एका गॅरेजला दिली, बिल आलं, त्यात "स्पार्क प्लग 8 नग" लिहिलेलं. माझ्या गाडीच्या इंजिनात दर सिलेंडरला दोन प्लग असतात, म्हणजे चार सिलेंडरला आठ, कॉइलही आठ. चार पुढे सहज दिसतात आणि चार मागे दडलेले, तिथे हात घालायला वेळ लागतो. बिल बघून मला वाटलं काम झालं. धक्के थोडे कमी झाले, मग परत सुरू. सहा महिन्यांनी वारज्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी अर्धा तास घालवून मागचे चारही काढले आणि पुढचा एक, मागचा एक असे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. पुढचा नवा कोरा, मागच्याचं टोक झिजून गोल झालेलं, आट्यांवर गंज. फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्टीचं) पातं दोन्हीच्या टोकाच्या फटीत घालून दाखवलं, पुढच्यात अडकत होतं, मागच्यात मोकळं फिरत होतं. म्हणाले, "दादा, हे कधीच निघालेले नाहीत." आठचे पैसे घेतलेले, बदललेले चार. त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे, जो आधी मोजतो आणि मग बदलतो त्याच्याकडेच गाडी जाणार.

आता असा माणूस शोधायचा कसा. पहिल्यांदा गाडी न घेता जा, शक्यतो मंगळवार-बुधवारी, शनिवारी सगळीकडे गर्दी असते आणि कोणालाच बोलायला वेळ नसतो. बाहेर कुठल्या गाड्या उभ्या आहेत ते बघा. तुमच्या मॉडेलच्या दोन-तीन दिसल्या तर ती चांगली खूण, कारण त्याने ते इंजिन उघडलेलं आहे आणि कुठला बोल्ट गंजून तुटतो हे त्याला माहीत आहे. उघडून ठेवलेल्या गाडीचे नटबोल्ट डब्यात वेगळे ठेवलेत का जमिनीवर पसरलेत तेही बघा. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आहे का विचारा, हेड (इंजिनचा वरचा भाग) बसवताना आणि ॲल्युमिनियमच्या भागात प्लग आवळताना तो लागतोच, नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळलं की आटे जातात आणि मग लेथवाल्याकडे चकरा.

मग दोन प्रश्न विचारा. एक, "गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाकू का?" आपल्याकडे बरेच मिस्त्री हो म्हणतात, उन्हाळ्यात थर्मोस्टॅट कशाला हवा असं त्यांचं म्हणणं असतं. हो म्हणाला की तिथून निघा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची (कुलंटची) वाट उघडणारी झडप, तो साधारण 80 अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिन योग्य तापमानाला ठेवतो, तो काढला की थंडीत गाडी नीट तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गार आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, आणि गरम व्हायचं मूळ कारण तसंच आत राहतं. दुसरा प्रश्न, "टॅपेट कधी चेक करायचे?" होंडाच्या या इंजिनांमध्ये टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली बारीक फट इथे ठरते) हाताने सेट करावे लागतात, इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे गाडी आदल्या रात्री ठेवावी लागते. "गाडी चालू ठेवून आवाज ऐकून करतो" असं उत्तर आलं तर नको. विशेषतः सीएनजी किट असेल तर, गॅसवर व्हॉल्व्ह आणि सीट लवकर झिजतात, गॅप कमी होत जातो, आवाज काही येत नाही आणि एक दिवस एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. टॅपेटचा थोडा टकटक आवाज परवडतो, गप्प बसलेला घट्ट टॅपेट जास्त धोक्याचा.

एकदम मोठं काम देऊ नका. आधी ऑइल बदलायला द्या, ब्रेक साफ करायला द्या, आणि जुने पार्ट परत मागा, सगळे, खोक्यासकट. चांगला मिस्त्री न मागताच डिकीत ठेवतो. एस्टिमेट लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल, आणि त्याच्याबाहेरचं काम निघालं तर आधी फोन, मग काम, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, त्यात वाईट वाटून घेणारा माणूस आपल्या कामाचा नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मी पूर्ण नाही म्हणत नाही. जुन्या गाडीला तिथे लेबर जास्त पडतं आणि रिपेअरपेक्षा अख्खी असेंब्ली बदलायचा कल असतो, पण चॅसी नंबरवरून अचूक पार्ट नंबर तिथेच मिळतो. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, टकाटा कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचा (एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचा) रिकॉल. होंडाने भारतात जुन्या सिटी, सिव्हिक, जॅझ, अकॉर्ड, सीआरव्ही यातल्या बऱ्याच गाड्या त्यासाठी परत बोलावल्या, टोयोटानेही कोरोलाच्या बाबतीत केलं. उष्णता आणि दमटपणा वर्षानुवर्षं लागून त्या इन्फ्लेटरमधलं रसायन बिघडतं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडू शकतात. सेकंड हँड घेतलेल्यांना रिकॉलचं पत्र कधी आलेलंच नसतं. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून बघा, बाकी असेल तर फुकट बदलून देतात. हे आजच करा.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ आहेच. पण नुसतं "सिटीचा लोअर आर्म द्या" म्हणू नका, सिटीच्या इतक्या पिढ्या झाल्यात की चुकीचाच मिळणार. पार्ट नंबर लिहून न्या नाहीतर जुना पार्ट हातात घेऊन जा. आणि कंपनीच्या खोक्यातला माल बऱ्याचदा दुसऱ्याच कोणी बनवलेला असतो, प्लग एनजीके किंवा डेन्सोचे, क्लच एक्सेडी किंवा आयसिनचा, शॉकॲब्सॉर्बर केवायबीचे, त्यांच्या स्वतःच्या खोक्यात तोच दर्जा कमी पैशात मिळतो. डुप्लिकेटही याच नावांचं निघतं म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. काच, दरवाजा, हेडलाइट, स्विच असलं काही बंद झालेलं हवं असेल तर मुंबईत कुर्ल्याला जुने पार्ट मिळतात. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचं काहीही जुनं घेऊ नका.

आता देखभाल, आणि त्यात सगळ्यात जास्त लिहायचंय ते कुलंटबद्दल. उन्हाळ्यात खंबाटकी घाटात कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या तुम्हीही बघितल्या असतील. ॲल्युमिनियमचं हेड एकदा जास्त तापलं की वाकतं, हेड गॅस्केट जातं, आणि जुन्या गाडीवर एवढा खर्च करायचा का या विचारात ती भंगारात जाते. बहुतेक वेळा सुरुवात दोन-पाचशे रुपयांच्या वस्तूने झालेली असते. रेडिएटर कॅप, वरचा-खालचा होज, फॅनचा रिले. कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो तो प्रेशरचा, प्रेशर धरलं तरच पाण्याचा उत्कलनबिंदू वर राहतो, म्हणून बदलताना तोच आकडा हवा. होज गार इंजिनवर दाबून बघा, दगडासारखा कडक किंवा पिचपिचीत झाला असेल तर बदला. रेडिएटरचं वरचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर त्याचे दिवस भरलेत. नळाचं किंवा बोअरचं पाणी कधीच टाकू नका, क्षार आत बसतात आणि वॉटर पंप खातात. रंग बघून दुसरं कुलंट मिसळू नका. दर महिन्याला सकाळी गार असताना पातळी बघा, कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय, नुसतं भरत राहू नका, प्रेशर टेस्ट करून घ्या. आणि घाटात तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करून ब्लोअर गरमवर फुल सोडा, बाजूला घ्या, गरम असताना कॅप उघडायची नाही म्हणजे नाही.

ऑइलमध्ये "जुनी गाडी आहे, जाड टाकू" हे ऐकू नका. मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू30 लिहिलं असेल तर 20डब्ल्यू40 हे जाड ऑइल सकाळी स्टार्टला इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. गिअरबॉक्सचं तर आणखी जपा, होंडाच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला त्यांचं एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, तिथे 90 नंबरचं गिअर ऑइल ओतलं की पहिला-दुसरा गिअर अडखळायला लागतो आणि मग क्लच उतरवा असा सल्ला मिळतो. ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी असेल तर मॅन्युअलमधलंच फ्लुइड, दुसरं काही नाही.

इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला टायमिंग बेल्ट आहे का चेन हे आधी माहीत करून घ्या. झेडएक्स सिटीला आणि 2003 नंतरच्या पेट्रोल कोरोलाला चेन आहे, पहिल्या सिटीला, जुन्या बलेनोला, पेट्रोल लान्सरला बेल्ट. बेल्ट किलोमीटरबरोबर वयानेही जातो, मागच्या मालकाने कधी बदलला ते कागदावर नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप पण करून घ्या, लेबर एकदाच लागतं.

पेट्रोल आता सगळीकडे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला लागतं, म्हणून फ्युएल होज आणि ओ-रिंग बघून घ्या, बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष नको. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची तर टाकीत पेट्रोल शिळं होऊ देऊ नका.

बाकीचं भराभर सांगतो. ब्रेक ऑइल दर दोन-तीन वर्षांनी, ते हवेतली ओल शोषतं. टायरवरचा चार आकडी नंबर बघा, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचे टायर रबर कडक होऊन ओल्या रस्त्यावर धरत नाहीत. बॅटरी चालू इंजिनवर साधारण 14 व्होल्ट दाखवायला हवी, नाहीतर अल्टरनेटर बघा. जूनच्या आधी वायपर रबर, दरवाज्यांची खालची पाणी जायची भोकं आणि काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा साफ करा, तिथे पाणी तुंबलं की कार्पेट भिजतं आणि तळ गंजतो. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर वायरी खातात, माझं ऐकाल तर औषधांपेक्षा एक दिवसाआड गाडी चालवणं आणि बोनेटखाली काही खायचं न राहू देणं जास्त उपयोगी.

कागदांचंही बघा, पंधरा वर्षं झाली की आरटीओत फिटनेस करून पाच वर्षांसाठी रिन्यू करावं लागतं, ग्रीन टॅक्स भरावा लागतो, आणि 2022 पासून खाजगी कारच्या रिन्यूची फी 5000 झाली, वीस वर्षांपुढच्या गाडीला आता 10000. तारखेच्या दोन महिने आधी मिस्त्रींकडून हँडब्रेक, सगळे दिवे, हॉर्न, सायलेन्सर आणि धूर तपासून घ्या, पीयूसी काढा, जुन्या नंबर प्लेटच्या जागी एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावून घ्या. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शंभर पानी वही ठेवा, तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या कंपनीचं, किती पैसे. माझ्या वहीत मागच्या चार प्लगची नोंद वेगळी आहे, पानाच्या वरच, लाल पेनाने.