ठसका लागला की थेंब? केगल करताना या चुका टाळा

मिरचीची फोडणी, त्याचा ठसका आणि पाठोपाठ लघवीच्या थेंबांनी ओले झालेले कपडे. "दोन बाळंतपणं झाली की व्हायचंच," असं म्हणत कितीतरी जणी वर्षानुवर्षं पॅडवर दिवस काढतात. मग कुणीतरी केगलचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायच्या-सोडायच्या व्यायामाचा, व्हिडिओ पाठवतं, आणि पुण्यात फिजिओ म्हणून मी जे निस्तरत बसते ते बहुतेक तिथूनच सुरू होतं.

पेल्व्हिक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी पुढून थेट माकडहाडापर्यंत ताणलेली स्नायूंची झोळी. ती सैल पडली की थेंब गळतात, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं. पण ती कायम आखडलेलीही असू शकते. तेव्हा संबंधांच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला कुंथावं लागतं. अशा बाईने केगल करणं म्हणजे वळलेली मूठ आणखी आवळणं. तिला आधी सोडायला शिकायचं असतं: पोटातून खोल श्वास, हाताने स्नायू मोकळे करणं, गरज पडली तर डायलेटर, म्हणजे योनीमार्ग हळूहळू सैल करायची गुळगुळीत नळी. तपासणी न करता केगल सुरू करणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते.

कोथरूडच्या एक काकू तीन महिने रोज दोनशे केगल करत होत्या, फरक शून्य. झोपवून करायला सांगितलं तर श्वास रोखलेला, नितंब उचललेले, पोट दगडासारखं, आणि तळाचे स्नायू वर जायच्या ऐवजी खाली ढकलले जात होते! चारचौघांत गॅस अडवतो तसं आत आणि वर ओढायचं, तेही मोठ्याने आकडे मोजत. आवाज अडकला तर समजा श्वास रोखलाय. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, आणि प्रत्येक वेळी पूर्ण सैल सोडून. दोनशेची गरजच नाही.

लघवीची धार मध्येच थांबवून रोज सराव करू नका. मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

तुळशीबागेत जायचं म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट नाही, हे पुण्यात घरोघरी चालतं. स्वच्छ स्वच्छतागृहांची वानवा आहे, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही. पण लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडतं, लघवीच्या घाईची कळ वाढते. उलट टोकाची सवय म्हणजे घर सोडताना लागलेली नसतानाही "जाऊन येते". त्याने मूत्राशयाला थोड्याशा लघवीलाही हाक मारायची सवय लागते. कळ आली की धावू नका. बसा, चार-पाच वेळा झटपट आवळा-सोडा, कळ ओसरली की सावकाश जा. दोन खेपांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेता येतं. ठसक्याचंही तसंच: खोकला येतोय असं वाटताच आधी आवळायचं, मग खोकायचं.

"मशीन लावून द्या ना," असा हट्ट बऱ्याच जणी धरतात. स्नायू अजिबात आवळता येत नसतील तर करंटची मदत होते. बायोफीडबॅकमध्ये आपण आवळतोय की नाही ते पडद्यावर दिसतं. पण व्यायाम तुम्हालाच करावा लागतो. गरोदर असाल किंवा पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

आतल्या तपासणीच्या धास्तीने भेट टाळू नका. ती तुमच्या संमतीनेच होते, "नको" म्हटलं तरी पुष्कळ काही बाहेरून कळतं. सोबत कुणाला आणलंत तरी चालतं. आणि हे फक्त बायकांचं नाही बरं का! प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळती झालेल्या काकांनाही हेच व्यायाम देते.

तीन आठवड्यांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. नियमित केलं तरी निदान तीन महिने द्यावे लागतात. मात्र लघवीतून रक्त गेलं, ताप-जळजळ असेल, तर आधी डॉक्टर. आणि मांड्यांच्या मधला भाग अचानक बधिर होऊन लघवी अडली, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच क्षणी इस्पितळ गाठा.