म्हशीचं बीजांड किती मऊ किती कडक, पिपेटने कसं मोजायचं

पंढरपुरी म्हैस आपल्या सोलापूर जिल्ह्याची, तिची ती लांबलचक शिंगं सगळ्यांना माहितीयत, पण तिचं बीजांड किती कडक आहे हे पण मोजता येतं बरं का. त्यासाठी महागडं एएफएमच (बारीक टोकाने पेशी दाबून कडकपणा मोजणारं यंत्र) पाहिजे असं काही नाही, चांगला मायक्रोस्कोप, काचेची बारीक पिपेट आणि पाण्याचा दाब एवढ्यावर काम होतं. मिचिसन आणि स्वान या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर हेच केलं होतं.

कत्तलखान्यातून ओव्हरी (अंडाशय) आणताना थर्मासमध्ये कोमट सलाईन घ्या. सुई-सिरिंजने तिच्यावरच्या फॉलिकलमधलं, म्हणजे पाण्याच्या फोडांमधलं, पाणी ओढा, त्यातच बीजांड येतं, मग त्याला चिकटलेल्या पेशी हायल्युरोनिडेज एन्झाइमने काढा. झोना, म्हणजे बाहेरचं कवच, ठेवून मोजलं तर बहुतेक त्याचाच कडकपणा हाती येतो, आतल्या पेशीचा पाहिजे असेल तर झोना प्रोनेज एन्झाइमने उतरवावा लागतो, तेव्हा काय मोजायचंय ते आधी ठरवा.

पिपेटचं तोंड गरम करून गुळगुळीत करा, ती नळीने पाण्याच्या बाटलीला जोडा, नळीत एकही बबल नको. आता खरं काम म्हणजे शून्य लावणं, इथं घाई अजिबात करू नका. पिपेटच्या तोंडात एखादा बारीक कण बघा, तो आत सरकतोय की बाहेर, आणि पाण्याची बाटली केसभर वर केसभर खाली करत राहा, कण जागच्या जागी थांबला की तो शून्य दाब. १ मिलीमीटर पाणी म्हणजे जवळपास १० पास्कल, त्यामुळं इथं चुकलं की पुढचं सगळं चुकलं.

मग पिपेट बीजांडाला टेकवून बाटली त्या शून्यापासून ५ सेंटीमीटर खाली घ्या, म्हणजे साधारण ४९० पास्कल. पेशी फुग्यासारखी आत ओढली जाते. ढोबळ हिशोब असा, दाब गुणिले पिपेटच्या तोंडाची त्रिज्या, भागिले आत गेलेली लांबी. त्रिज्येच्या निम्मी आत गेली तर कडकपणा ९८० पास्कलच्या आसपास. पिपेटचं तोंड बीजांडापेक्षा बरंच लहान असलं तरच हे लागू पडतं. पेशी हळूहळू आत सरकतच राहते म्हणून रीडिंग दर वेळी ठरलेल्या सेकंदालाच घ्या.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी, बीजांड ज्यात ठेवलंय तो मीडियाचा (पोषक द्रावाचा) ड्रॉप बघता बघता आटतो, क्षार वाढतात, बीजांड आक्रसतं आणि आकडा भलताच येतो. ड्रॉपवर मिनरल ऑइल घालाच. पिपेट बदलली की शून्य परत लावा.